क्लबवालीचा तिसरा फेरा

१

ट्रंपेटचे दोन फेरे संपले आणि तिसऱ्याच्या तोंडाशी आवाज नाहीसा झाला.

टेप फिरत होती. कॅसेटची चाकं नेमाने वळत होती, पण स्पीकरमधून येत होती ती नुसती खरखर आणि तिच्यामागे छताच्या पंख्याची कुरकुर. मग बाहेर गेलेली मंडळी एकदम आत यावीत तसा बाजा पुन्हा उमटला, चौथा फेरा वाजला आणि गाणं संपलं.

खोलीत तिघं होती. शिला, तिचा धाकटा भाऊ प्रेमदास, आणि ओमप्रकाश. खोली या भावंडांच्या बापाची, लालसिंग राठोडांची. साखऱ्याजवळच्या तांड्यावरचं हे घर सोडून ते कायमचे गेले त्याला फार दिवस झाले नव्हते. सगळा हिंगोली जिल्हा त्यांना लालसिंग मास्तर म्हणायचा. त्यांचा ब्रास बँड वाजल्याशिवाय सेनगाव तालुक्यात चांगल्या घरचं लग्न लागत नसे.

"मधलं कुठं गेलं?" प्रेमदासने विचारलं.

शिलाने टेप मागे घेऊन पुन्हा लावली. पुन्हा तेच. तिसरा फेरा तेवढा कुणीतरी पुसून टाकला होता.

प्रेमदासने ओमप्रकाशकडे पाहिलं. ओमप्रकाश मास्तरांचा शिष्य, हिंगोलीचा, आणि गेली पाच-सहा वर्षं बँड तोच चालवत होता. काल दुपारी तो या खोलीत एकटाच बसून होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुला ही चीज कधी नगंच व्हती," प्रेमदास म्हणाला. "बा जित्ता असताना भांडलास. आता मेल्यावर पुसलीस."

ओमप्रकाश एवढंच म्हणाला की मास्तरांची शपथ घेतो, हात लावला नाही. प्रेमदासला ते पुरेसं नव्हतं. बाजे घराच्या मालकीचे होते. उद्या टेप न्यायला येणारे पुण्याचे पाहुणे येऊन जायच्या आत खरं सांग, नाहीतर सगळे बाजे वाशिमच्या बँड पार्टीला देऊन टाकतो, असं त्याने बजावलं. लग्नाच्या तिथी तोंडावर होत्या. ओमप्रकाशसोबत आणखी दहा-अकरा घरांची चूल त्या बाज्यांवर होती.

ओमप्रकाश उठून गेला. चहाही घेतला नाही.

स्वयंपाकघरात भावंडांची याडी, म्हणजे आई, पारुबाई भाकरी थापत होती, आणि थापण्याच्या ठेक्यावर काहीतरी गुणगुणत होती. ते गाणं कुठलं हे शिलाला लहानपणापासून कधी कळलं नव्हतं. ना डोकं ना शेपूट. तांड्यातलं एखादं जुनं असेल आणि याडीला सूर नसेल, अशी तिची समजूत. पण परवापासून याडी पुन्हा गुणगुणू लागली होती, म्हणून तिला बरं वाटलं होतं.

२

शिला परभणीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होती. वाचून वाचून तिला एक सवय लागली होती. माणसावर संशय घेण्याआधी ती वस्तूकडे नीट पाहायची.

तिने कॅसेट बाहेर काढून खिडकीपाशी नेली. वरच्या कडेचं प्लास्टिकचं पातं बाने मोडून टाकलेलं. ते मोडलं की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. पण मोडलेल्या जागेवर पांढरी चिकटपट्टी होती. तशी पट्टी लावली की कॅसेट परत भरता येते. बा स्वतः जुन्या कॅसेटींवर हेच करायचा. पट्टी बाला शेवटी घरी सलाइन लावायचे तेव्हाची, तिचं रीळ अजून खिडकीतच पडलेलं. म्हणजे हे चुकून झालं नव्हतं. कुणीतरी ठरवून केलं होतं.

तिने ते कुणाला सांगितलं नाही.

ही चीज म्हणजे बँडवाल्यांच्या भाषेत 'क्लबवाली'. खरं नाव बालाही आठवत नव्हतं. तरुणपणी तो तांडा सोडून सिकंदराबादला गेला, तिथल्या एका क्लबच्या ऑर्केस्ट्रात शेवटच्या खुर्चीवर ट्रंपेट वाजवायला बसला, आणि तिथे ही शिकला. पुण्याच्या अभ्यासकांनी तिची कुळकथा काढली होती. अमेरिकेत तिसाच्या दशकात एका नाटकासाठी कुणीतरी ती बांधली. नाटक पडलं, त्याचं नावही कुणाला राहिलं नाही, पण चाल जगली. जाझवाल्यांनी ती उचलली, तबकड्यांवर बसून ती मुंबईला आली, तिथून लष्करी छावण्यांच्या गावी. वरची चाल सगळीकडे एकच. तिच्या खाली जे सूर धरायचे ते मात्र गावोगाव बदलत गेले. सिकंदराबादच्या त्या ऑर्केस्ट्राने तिसऱ्या फेऱ्यात काय धरलं होतं, त्याची तबकडी कुठेच नव्हती. लालसिंग मास्तरांकडे ते शिल्लक आहे म्हणून हे पुण्याचे साहेब दोन वर्षं मागे लागले होते. शेवटी मागच्या दिवाळीत बाने ती टेप भरली आणि ट्रंकेत ठेवून दिली. साहेब येतील तेव्हाच लावायची, अशी ताकीद होती. घरात ती कुणी ऐकली नव्हती. आज आधी लावून बघितली ती मशीन चालतं का हे पाहायला.

बा ती चीज समजावून सांगायचा ते शिलाला पाठ होतं. पहिले दोन फेरे आपल्या घरात. खालचा प्रत्येक सूर पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून चालतो, म्हणून कानाला पुढचा आधीच कळतो. तिसऱ्या फेऱ्यात मात्र उठून दुसऱ्याच्या घरी पाहुणं जायचं. तिथली जमीन वेगळी, भिंती वेगळ्या, जरा अवघडून बसायचं. आणि चौथ्याला परत आपल्या घरी. "परतायची वाट खालच्या आवाजाला आंधी कळते," तो म्हणायचा. "वरचा आजून पावन्याच्या घरी चहा पिऊन राहिला असतो, न् खालचा उठून चालाया लागतो."

शिला थबकली.

तिने आवाज पूर्ण वाढवून टेप पुन्हा लावली. खरखर. पंखा. पुसताना खोलीतले आवाज टेपवर उतरले होते. खोली हीच, कारण ही कुरकुर दुसऱ्या कुठल्या पंख्याची नव्हती. मध्ये एकदा कुणाचा तरी श्वास. बाकी काही नाही, बांगडीची किणकिणही नाही. तांड्यातली बाई हात हलवते आणि तिच्या बलिया वाजत नाहीत असं होत नाही. दंडापर्यंतच्या त्या पांढऱ्या बांगड्या शिलाने जन्मभर ऐकल्या होत्या. बाया वगळा.

मग तिने शेवट ऐकला. पुसलेलं संपलं ते ट्रंपेट सुरू होताना नव्हे. त्याच्या थोडं आधी युफोनियमचे, खालचे सूर धरणाऱ्या त्या थोरल्या पितळी बाज्याचे, दोन जाड सूर आले आणि त्यानंतर ट्रंपेट.

टेप भरताना जुनं काही ऐकू येत नाही. पुसणाऱ्याला मनातल्या मनात फेरा मोजावा लागला असणार. आणि घड्याळ लावून कुणी मोजलं असतं, तरी त्याने चौथा फेरा ट्रंपेटपासून धरला असता. कारण ऐकणारा प्रत्येक माणूस तो तिथूनच धरतो. हा माणूस मात्र खालच्या आवाजाबरोबर घरी परतला होता.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काळ्यापिवळ्या जीपमध्ये अंग चोरून बसली आणि हिंगोलीला गेली. घरात बसवतच नव्हतं. पुण्याचे साहेब दुपारी येणार होते.

ओमप्रकाशच्या खोलीत दोरीवर लाल कोट वाळत होते, सोनेरी झालर खाली. तो कोपऱ्यात कॅशिओ कीबोर्डची वायर जोडत होता. शिलाला बघून उठला, खुर्ची पुसली आणि स्वतः ट्रंकेवर बसला.

भांडण झालं होतं, हे त्याने कबूल केलं. मास्तरांना कॅशिओ आवडत नव्हता, आणि त्याला क्लबवाली वाजवायचा कंटाळा. परवा खोलीत बसला होता तो नुसताच. मास्तरांची खुर्ची समोर ठेवून.

"वाजवून दाखव," शिला म्हणाली.

"काय?"

"क्लबवाली. सगळी."

त्याने ट्रंपेट घेतला. दोन फेरे सुरेख वाजवले, जरा जास्तच झोकात. आणि तिसरा न घेता सरळ चौथ्यात उतरला.

"तिसरा?"

ओमप्रकाश ओशाळला. "वरातीत तिसरा फेरा कोण वाजवते ताई? पब्लिकचे पाय अडखळतात. नवरदेवाचे दोस्त शिव्या देतात. मास्तर एक-दोनदा शिकवायला बसले, पण मीच..." त्याने ट्रंपेट मांडीवर उलटा करून थुंकी झटकली. "आता कोणाकडून शिकू?"

तो खोटं बोलत असेल का, हा प्रश्न तिने जीपच्या थांब्यापर्यंत सोबत नेला. बोलत असला तरी हा वरचा माणूस होता. चौथा फेरा त्याने ट्रंपेटपासूनच धरला. प्रेमदासचं तर सुरांशी वैरच. तो ट्रॅक्टरच्या हॉर्नलाही ताल धरू शकत नसे. शिवाय बाचं नाव साहेबांच्या पुस्तकात यावं म्हणून सगळ्यांत उतावीळ तोच होता.

खालच्या आवाजाचा माणूस एकच. टेपवर युफोनियम वाजवणारा सटवाजी.

४

सटवाजी नरसीला राहायचा. नामदेवांच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याच्या लेकाचं दुकान होतं. कुंकू, चिरमुरे, टाळ, प्लास्टिकच्या मोटारी. म्हातारा गल्ल्यापाशी बसून दोन बायांना टाळांची जोडी विकत होता. फुटलेल्या टाळाचा आवाज देवाला जास्त लांबून ऐकू येतो, असं त्याने त्यांना पटवलंही.

"लालसिंगची पोरगी," तो म्हणाला. "ये. उनाची काहून आलीस?"

तिने आडवळण घेतलं नाही. टेप पुसली गेली, तिसरा फेरा तेवढाच, आणि पुसणारा खालचा आवाज जाणणारा आहे, हे सगळं सांगून टाकलं. सटवाजीने ऐकून घेतलं. तो चिडला नाही, आणि शिलाला तेच जास्त लागलं.

"म्या पुसलं म्हन्तीस?"

"विचारते."

"मंग ऐक. दिवाळीत टेप भरली तवा दोन फेरे झाले, न् तिसऱ्यात तुझ्या बापाचा दम तुटला. खोकल्याची उबळ आली. म्या थांबाया लागलो, तर हातानंच चालू ठेव म्हनला. आख्खा फेरा म्या एकट्यानं वाजवला, वरतून त्येचा खोकला. चौथ्याला बराबर आला गडी." त्याने टाळाची दोरी बोटाला गुंडाळली. "चाळीस वर्सं म्या लालसिंगच्या खाली वाजवलं, पोरी. लोकायला वाटते तिथं कुनी न्हाईच. साऱ्या दुनियेत येकच जागा व्हती जिथं सटवाजी येकटा ऐकू येते. ती म्या माझ्या हातानं पुसीन का?"

म्हाताऱ्याने लेकाला चहा सांगितला.

"पुन्हा भरून का नाही घेतली?" तिने जरा वेळाने विचारलं.

"दमच न्हाई उरला. म्हनला, राहू दे."

"खोलीत आणखी कोण होतं?"

"कोन असनार? बटन दाबाया तुझी याडी. आमच्या दोघायचे हात गुतलेले."

५

परतीच्या जीपमध्ये समोर तांड्यातली एक बाई बसली होती. खड्डा आला की तिच्या दंडावरच्या बलिया खळखळायच्या. शिला त्या हातांकडे बघत राहिली, आणि साखऱ्याचा फाटा यायच्या आधी तिला याडीचे हात आठवले.

याडीचे हात मोकळे होते. बा गेला त्याच दिवशी म्हाताऱ्या बायांनी बलिया उतरवल्या होत्या. शिला स्वतः तिथे उभी होती, एक बलिया दंडावर अडकली तेव्हा तिनेच तेल आणून दिलं होतं. तरी टेप ऐकताना तिने बाया वगळल्या, कारण तिच्या कानात याडी अजून वाजतच होती.

आणि ते गुणगुणणं. बा घरी सराव करायचा तेव्हा सटवाजी नरसीला. मग खाली कोण धरायचं? शिलाने जीपमध्ये डोळे मिटले. याडीचं ते ना डोकं ना शेपूट असलेलं गाणं तिने मनात लावलं आणि वरून बाचा ट्रंपेट ठेवला. दोन्ही एकमेकांत नीट बसली. याडीला सूर होता. ती फक्त वरची चाल कधी गात नव्हती.

घरी पारुबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. प्रेमदास पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेलेला. शिला तिच्यासमोर बसली आणि तिनेही शेंगा घेतल्या.

"सटवाजीकाका म्हणाले, टेप भरली तेव्हा बटन तू दाबलंस."

"व्हय."

"आणि पुसली तेव्हाही."

पारुबाईचा हात थांबला नाही. दाणे सुपात पडत राहिले. "प्रेमदास त्या पोराला चोर म्हनंल असं वाटलं नव्हतं मला," ती म्हणाली. "मी सांगनार हाय."

"का केलंस?"

"त्यो पुन्याचा मानूस ती टेप घेऊन जानार. धा लोकायला ऐकवनार. जन्मभर तुझ्या बापाचा दम लोकायनं कानानं मोजला. सेनगावच्या पुलापासून पाटलाच्या दारापर्यंत येका दमात जायचा." तिने शेंगेचं टरफल बाजूला टाकलं. "त्येला तसं धापा टाकताना कुनी ऐकू नये."

हे सगळं शिलाला समजत होतं. तरी ती म्हणाली, "मी तर ते एकदाही ऐकलं नव्हतं, याडी."

पारुबाईने पहिल्यांदा मान वर केली. हे तिच्या मनात आलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. शिलाने मान फिरवली.

थोड्या वेळाने शिला उठून बाच्या खोलीत गेली. कॅसेटवरची चिकटपट्टी तिने नखाने सोलली आणि चुलीत टाकली.

६

पुण्याचे साहेब आले, जाड चष्म्याचे, मवाळ बोलणारे. प्रेमदासने निरोप पाठवून ओमप्रकाशला बोलावलं होतं. शिलाच्या सांगण्यावरून सटवाजीही युफोनियम घेऊन आला. बाच्या खोलीत सतरंजीवर सगळे बसले. प्रेमदासने टेप का खराब झाली ते सांगायला सुरुवात केली आणि बोलता बोलता ओमप्रकाशचं नाव घेतलं.

पारुबाई चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने ताट खाली ठेवलं आणि पदर सावरला. कुणी पुसलं हे सांगितलं की पुढचा प्रश्न का पुसलं हाच असणार, आणि ते तिला या माणसांसमोर सांगावं लागणार, हे शिलाला दिसत होतं.

"माझ्याकडून पुसली गेली," शिला म्हणाली. "परवा ऐकत होते. रडू आलं, बंद करायला गेले आणि भलतंच बटन दाबलं. नंतर सांगायची हिंमत झाली नाही."

प्रेमदास तिच्याकडे वळला.

"तू?" प्रेमदास म्हणाला. "न् काल ह्येच्यावर आळ आला तवा गप बसून राहिलीस? येवढी शिकलीस, पुस्तकं वाचलीस, ती ह्येच्यासाठी?"

तिने ते ऐकून घेतलं. प्रेमदास बरंच बोलला. बाची शेवटची खूण तू घालवलीस, हे दोनदा म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फुटला.

ओमप्रकाशने कॅसेट हातात घेतली होती. मोडलेल्या पात्याची ती रिकामी जागा त्याने अंगठ्याने चाचपली. अशी कॅसेट चुकून पुसली जात नाही हे त्याला कळत होतं. त्याने शिलाकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि कॅसेट डबीत घालून डबी मिटली. सटवाजी छताकडे बघत होता.

"किल्ली खुंटीला हाय," प्रेमदास ओमप्रकाशकडे न बघता म्हणाला. "बाजे घेऊन जाय. लग्नं जवळ आली."

साहेब अवघडले होते. वरची चाल त्यांच्याकडे शेकड्याने होती, त्यांना हवा होता तो खालचा भाग, असं त्यांनी हळूच सांगितलं. सटवाजीने युफोनियम मांडीवर घेतला. पहिल्यांदाच सगळी खोली त्याच्याकडे बघत होती, म्हणून की काय, त्याने आधी दोन वेळा उगाच घसा साफ केला. मग वाजवलं. तिसऱ्या फेऱ्यात ते सूर परक्या घरात शिरले, अंधारात भिंत चाचपावी तसे सरकत गेले आणि मग वाट सापडून परतले. साहेबांनी डोळे मिटले होते. ओमप्रकाश पुढे सरकून सटवाजीची बोटं बघत होता. संपल्यावर तो म्हणाला, "काका, तिसरा परत एकदा. सावकाश."

संध्याकाळी सगळे गेले. प्रेमदास शिलाशी न बोलता ट्रॅक्टर घेऊन शेताकडे निघून गेला. त्याचा राग आता बरेच दिवस राहणार होता.

पारुबाई चहाच्या कपबश्या विसळत होती. शिला पुसून ठेवत होती.

"त्यो बोलला व्हता," पारुबाई म्हणाली.

"कोण?"

"तुझा बाप. त्या फेऱ्यात. खोकला जरा थांबला तवा. सटवाजीला ऐकू गेलं नसंल, त्यो फुंकून राहिला व्हता."

शिलाच्या हातातलं फडकं थांबलं. "काय म्हणाला?"

"म्हनला, तू वाजव, म्या येतोच."

नळ वाहत होता. पारुबाईने तो बंद केला.

"कसं म्हणाला?"

पारुबाईने जरा विचार केला. मग मान किंचित डावीकडे कलती केली, एक हात तोंडाजवळ धरला, खोल दम घेतला आणि त्याच्यासारखं घोगरं, घाईत म्हणून दाखवलं.

"अजून एकदा," शिला म्हणाली.

पारुबाईने अजून एकदा म्हटलं.